विनोदाचं कपाट

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने 'अंतू बर्वा' सादर केला. पाठांतर चोख होतं, हेलही बऱ्यापैकी रत्नागिरीचा होता. पुढच्या दोन रांगांतले आजी-आजोबा वाक्य संपायच्या आधीच हसत होते, कारण वाक्यं त्यांनाही पाठ. मग ती विजेची जागा आली. पोपडे उडालेल्या भिंती आणि गळकी कौलं बघायला वीज हवी कशाला, आमचं दळिद्र काळोखात दडलेलं आहे तेच बरं, असं अंतूशेट म्हणतात ती. हॉल दणाणला. मुलगाही हशासाठी नेमका तेवढाच थांबला होता. मी चांगला खदाखदा हसलो आणि शेजाऱ्याने पुढे केलेल्या पुड्यातले दोन वेफर्स उचलले.

रात्री घराचं कुलूप काढताना ते वाक्य परत आठवलं आणि हसू येईना. बायको गेल्यापासून दारचा हापूस मोहरला नाही, असं सांगणारा हा म्हातारा आहे. आपल्या घराबद्दल त्याने याहून भयाण ते काय बोलावं? हेच वाक्य एखाद्या दुष्काळी भागातल्या कादंबरीत असतं तर त्यावर चर्चासत्रात निबंध वाचला गेला असता. 'व्यक्ती आणि वल्ली'त आहे म्हणून त्यावर वेफर्स खाल्ले जातात.

विनोदी लेखकाने काही काळोखं लिहायला घेतलं की आपल्याकडे लगेच मान हलवली जाते. त्याचा तो पिंड नव्हे, म्हणतात. उगाच नको त्या वाटेला गेला, म्हणतात. चांगला हसवत होता, काय अवदसा आठवली, असंही म्हणतात, आणि हे प्रेमानेच म्हणतात. मला हा पिंडाचा सिद्धांत कधी पटला नाही. ज्याला माणसाच्या वागण्यातली विसंगती दिसते त्याला त्या विसंगतीतलं दुःख दिसत नाही, असं मानायचं म्हणजे शिंप्याला उसवलेली शिवण दिसते पण फाटलेलं कापड दिसत नाही, असं मानण्यासारखं आहे. त्याला दिसतं सगळं. अडतं ते दुसऱ्याच दोन ठिकाणी. एक, वाचकाच्या कानात हशा आधीच भरून ठेवलेला असतो. आणि दुसरं, जे लेखक मंडळी सहसा कबूल करत नाहीत, ते म्हणजे काळोखाकडे जाताना विनोदी लेखक आपली हत्यारं घरीच ठेवून निघतो.

पहिली गोष्ट निव्वळ सवयीची असती तर तिच्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण तिच्यावर सरकारी शिक्का आहे. राज्य शासनाचे जे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार आहेत, त्यांतले विभाग पाहा. कादंबरीला हरी नारायण आपटे यांच्या नावाचा पुरस्कार. नाटकाला राम गणेश गडकरींच्या. कवितेला केशवसुतांच्या. आणि विनोदाला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या. नावं सगळी आदराची, तक्रार नावांबद्दल नाही. पण कादंबरी, नाटक, कविता हे लिखाणाचे घाट आहेत आणि विनोद हा घाट नाही. ताटात वरण, भाजी, कोशिंबीर आणि तिखट असे चार पदार्थ मोजावेत, तसा हा प्रकार. करुण वाङ्मयाला वेगळा पुरस्कार नाही, भीषण वाङ्मयाला नाही. वेगळं पान मांडलंय ते एकट्या विनोदाला. मग एखाद्याने विनोदी कादंबरी लिहिली तर ती आपट्यांच्या पंगतीत बसायची की कोल्हटकरांच्या? उत्तर सगळ्यांना माहीत असतं. आणि त्याच माणसाने पुढच्या वर्षी आत्महत्या करणाऱ्या बापाची गोष्ट लिहिली, तर परीक्षक तिच्यात विनोद शोधत बसतात आणि सापडला नाही म्हणून हळहळतात.

या कपाटात कोंडून घेतलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस मराठी नव्हता, पण एकदा मुंबईला येऊन गेला होता. अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन. जानेवारी १८९६. वय साठ. प्रकाशनाचा धंदा १८९४ मध्ये बुडाला होता, छपाईचे खिळे जुळवणाऱ्या एका यंत्रापायी त्याआधीच बेसुमार पैसा गेला होता, आणि देणेकऱ्यांची पै न् पै चुकवायची म्हणून हा गृहस्थ जगभर विनोदी व्याख्यानं देत हिंडत होता. मुंबई, पुणे, बडोदा असा दौरा झाला. लोकांनी तिकिटं काढली ती हसायला, आणि हसून घरी गेले.

त्याच महिन्यांत तिकडे न्यूयॉर्कच्या 'हार्पर्स' मासिकात जोन ऑफ आर्कवरची एक कादंबरी क्रमशः येत होती. एप्रिल १८९५ पासून सुरू होती. जोनच्या जुन्या सोबत्याने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी, जुन्या फ्रेंचमधून भाषांतरित, असा तिचा बहाणा. लेखकाचं नाव नव्हतं. लेखक मुंबईत व्याख्यानं देत होता. नाव दिलं असतं तर लोकांनी पहिल्या पानापासून हसायची तयारी केली असती, आपल्या सहीखाली आपल्याला कुणी गंभीरपणे घेणार नाही, ही त्याची धास्ती होती आणि ती त्याने घरच्यांना बोलूनही दाखवली होती. जगातला त्या काळचा बहुधा सगळ्यात ओळखीचा लेखक, आणि त्याला स्वतःचंच नाव अडचणीचं झालं होतं.

इथवर मी ट्वेनच्या बाजूने आहे. पुढे नाही. कारण ती कादंबरी वाचायला घेतली की समजतं, नाव लपवताना त्याने स्वतःलाही लपवून टाकलं. जोन आहे, तिच्याभोवती उदबत्तीचा धूर आहे, भक्तिभाव आहे, अश्रू आहेत. ट्वेन नाही. त्याला मात्र ते आपलं सर्वांत चांगलं पुस्तक वाटायचं. लेखकाला आपलं कुठलं मूल लाडकं असावं यावर कुणाचा इलाज नाही. तरी मला वाटतं त्याला ते पुस्तक आवडायचं ते त्यात कुणी हसत नाही म्हणून. म्हणजे वाचकांचा गैरसमज त्याने स्वतःच मनावर घेतला होता. गंभीर म्हणजे जिथे विनोद नाही ते.

वास्तविक त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी त्यानेच एका कादंबरीत याचं उत्तर लिहून ठेवलं होतं. तिच्यातला पोरगा हकलबेरी फिन जिमसोबत, पळालेल्या गुलामासोबत, तराफ्यावरून चाललाय. गुलामाला पळायला मदत करणं हे पाप, हे त्या पोराला लहानपणापासून शिकवलेलं. एके ठिकाणी त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी होते आणि तो जिमच्या मालकिणीला पत्र लिहितो, तुमचा माणूस अमुक ठिकाणी आहे म्हणून. पत्र लिहून झाल्यावर त्याला फार पवित्र, हलकं हलकं वाटतं. मग जिम आठवतो. जिमने आपल्या वाटचा पहारा आपल्याला न उठवता दिला ते आठवतं. थोडा वेळ श्वास रोखून तो त्या कागदाकडे बघतो, ठरवतो की बरं, मग नरकात जाईन, आणि पत्र फाडून टाकतो. यात विनोद कुठला? पोराला चांगलं काम हे पाप वाटतंय, हा. आणि काळोख कुठला? अख्ख्या समाजाने त्याला तसं शिकवलंय, हा. एकच ओळ आहे. विनोद वगळा, काळोखही जातो.

लिहिण्याच्या टेबलावर ही ओढाताण कशी चालते हेही ट्वेननेच सांगितलंय, आणि ते मला फार आवडतं. त्याने एक प्रहसन लिहायला घेतलं होतं. एका धडाला जोडलेले दोन इटालियन जुळे भाऊ, एक दारू पिणारा आणि एक दारूबंदीवाला, अशी काहीतरी धमाल. लिहिता लिहिता गावातली दुसरीच माणसं गोष्टीत शिरली. त्यात रॉक्सी नावाची एक गुलाम बाई. सोळा हिश्शांतला एक हिस्सा काळा, बाकी गोरी, पण कायद्याने गुलामच. आपल्या तान्ह्याला कधीतरी नदीच्या खालच्या अंगाला विकून टाकतील या भयाने ती त्याचे आणि मालकाच्या तान्ह्याचे पाळणे बदलते. झालं. प्रहसनात ही बाई आल्यावर प्रहसन राहणार कसं? ट्वेन म्हणतो, आपण एक गोष्ट लिहायला बसलो आणि दोन झाल्या. मग त्याने एकीच्या पोटातून दुसरी कापून काढली. प्रहसन बाजूला केलं, शोकांतिका ठेवली. मूळची माणसं आता फालतू झालेली, त्यांचं करायचं काय? रोवेना नावाच्या मुलीला त्याने रात्री जेवणानंतर परसात आतषबाजी बघायला धाडलं आणि विहिरीत पाडून बुडवलं. युक्ती जमली म्हणून आणखी दोन पोरं त्याच विहिरीत. पुढे विहीर भरत आली म्हणून हा उद्योग आवरता घेतला. हे सगळं त्याने प्रस्तावनेत हसतखिदळत सांगितलंय, आणि १८९४ मध्ये दोन्ही गोष्टी एका पुस्तकात छापल्या, वर शोकांतिका आणि खाली प्रहसन.

कापलेली शोकांतिका चांगली आहे, पण तिला टाके दिसतात. जुळे भाऊ सुटे होऊन तिच्यात वावरत राहतात आणि अधूनमधून एका धडाचे असल्यासारखे बोलतात. समीक्षकांनी त्यावर पुष्कळ नाकं मुरडली. मला त्या टाक्यांतच खरी गोष्ट दिसते. गुलामगिरी म्हणजे एकाच माणसाला दोन भाग करून एक विकायचा आणि एक सांभाळायचा, हीच तर होती. एका धडाच्या दोघांचं ते प्रहसन रॉक्सीच्या गोष्टीला परकं नव्हतंच. लेखकाला मात्र वाटलं की एका घरात दोघं नांदणार नाहीत.

आणि मुंबई. जगप्रवासाच्या पुस्तकात ट्वेनने मुंबईवर जे लिहिलंय ते बहुतेकांना आठवतं ते कावळ्यांमुळे. हॉटेलच्या बाल्कनीच्या कठड्यावर बसून माणसांवर शेरे मारणारे कावळे, त्यांचा निर्लज्ज आगाऊपणा. मराठी वाचकाला तर ते घरचंच वाटतं. पण त्याच पानांच्या आसपास दुसरं एक आहे. हॉटेलची खोली लावून द्यायला एक धिप्पाड जर्मन माणूस नोकरांना घेऊन सोबत आला, बाल्कनीच्या दाराचं काम त्याच्या मनासारखं होईना म्हणून त्याने काय चुकलं हे न सांगताच नोकराच्या थोबाडीत मारली. नोकराने मुकाट्याने सोसली. आणि ट्वेन क्षणात पन्नास वर्षं मागे, मिसूरीत, लहानपणच्या गावात जाऊन पडला. वडील नोकर-गुलामांना अधूनमधून कसे मारत ते आठवलं. आणि दहा वर्षांचा असताना पाहिलेलं ते, एका माणसाने कामात काही चुकलं म्हणून गुलामावर रागाने लोखंडाच्या दगडाचा तुकडा फेकून मारला. तासाभरात तो गुलाम मेला. पुढे थोडं लिहून तो परत मुंबईच्या गडबडीत येतो. याच्यावर त्याने वेगळं प्रकरण काढलं नाही. हा काळोख जोनच्या चारशे पानांत सापडत नाही आणि इथे कावळ्यांच्या शेजारी सापडतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याची चोवीस वर्षांची मुलगी सूझी गेली. तो इंग्लंडात होता, ती अमेरिकेत. त्यानंतर कित्येक वर्षं तो एका सैतानी परक्याची गोष्ट पुन्हा पुन्हा लिहीत राहिला. तीन खर्डे झाले, त्यांतले निदान दोन तरी अपुरेच. १९१० मध्ये तो वारला. १९१६ मध्ये त्याचे वाङ्मयीन वारसदार आणि प्रकाशकाचा संपादक यांनी त्यांतला एक खर्डा घेतला, धर्मगुरूवर आलेलं किटाळ काढून टाकायला एक ज्योतिषी मधे घुसवला, दुसऱ्या खर्ड्याचा शेवट आणून चिकटवला, रंगीत चित्रं घातली आणि देखणं पुस्तक काढलं. हे जोडकाम आहे हे उघड व्हायला १९६३ उजाडावं लागलं. मेल्यावरही विनोदी लेखकाचा काळोख झाडूनपुसून, रंग देऊनच बाहेर काढावा लागतो. त्याच्या जागी कुणी गंभीर मानला गेलेला लेखक असता तर हीच अपूर्ण पानं जशीच्या तशी छापली गेली असती, अशी माझी समजूत आहे.

आपल्याकडे गडकऱ्यांनी हे सोडवलं होतं, आणि सोडवलंय हे आपल्या लक्षात आलं नाही.

गडकऱ्यांची तीन नावं. कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम, नाटकाला स्वतःचं. ही वाटणी पाहून वाटतं की माणसाने आपले तीन तुकडे नीट वेगळ्या डब्यांत ठेवले होते. आणि गुरू कोल्हटकर, ज्यांच्या नावाने आज विनोदाचा पुरस्कार आहे. पण 'एकच प्याला' उघडा. सुधाकराची वकिलीची सनद काही काळापुरती जाते, मानी माणूस खचतो, आणि पहिला प्याला त्याच्या हातात देतो तो तळीराम. हा तळीराम म्हणजे बाळकरामाची कारागिरी. दारू पिण्याच्या बाजूने तो जे युक्तिवाद करतो ते इतके चपखल की बघणाऱ्याला वाटतं, बोलतोय तर खरं. ते आर्यमदिरामंडळ, त्याचे नियम, त्याचे सभासद. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हाच प्रवेश एकटा काढून केला होता आणि पोरं बाकं वाजवत होती. एकटा काढून केला, तिथेच घोळ झाला.

तो प्रवेश नाटकात असतो तेव्हा काय होतं ते बघा. प्रेक्षक तळीरामाच्या तर्कशास्त्राला हसतो, म्हणजे हसून संमती देतो. मग तोच तर्क सुधाकर स्वतःच्या तोंडाने बोलायला लागतो. घर धुपतं, सिंधूच्या हाती जातं येतं, मूल जातं, सिंधू जाते, आणि शेवटच्या प्याल्यात सुधाकर विष कालवतो. मघाशी हसलेला प्रेक्षक आता कुठे जाणार? तो त्या मंडळाचा सभासद होऊन बसलाय. तळीराम काढून टाका, मागे दारूबंदीचं पत्रक उरतं, आणि अशी पत्रकं त्या काळात ढिगाने निघत होती. ती कुणी वाचत नाही.

याला कुणी 'विनोदी प्रवेश' म्हणतं तेव्हा मला राग येतो. मुख्य पात्रं कपडे बदलत असताना पडद्यापुढे चालवायची गंमत, असा त्या शब्दाचा वास आहे. गडकऱ्यांनी हे नाटक रंगमंचावर पाहिलं नाही. २३ जानेवारी १९१९ ला ते सावनेरला गेले, आणि फेब्रुवारीत गंधर्व मंडळीने बडोद्याला पहिला प्रयोग केला. सिंधू बालगंधर्वांची, पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. त्यानंतर शंभर वर्षं आपण या नाटकाबद्दल बोलताना सिंधूसाठी रडतो आणि तळीरामासाठी हसतो, दोन वेगळ्या रुमालांनी.

बाळकरामाच्या नावावरचं सगळंच मला आज पचतं असं नाही, हेही सांगून टाकतो. ठकीच्या लग्नाची ती मोहीम, एका रूप नसलेल्या मुलीला खपवण्याची. भाषा अजून तशीच लखलखीत आहे. पण वाचताना कधीकधी ठकी कुठे आहे असं वाटतं. सगळे तिच्याबद्दल बोलतायत आणि ती आतल्या खोलीत आहे. बाळकरामाला तो काळोख दिसला नसेल असं मी म्हणणार नाही, कारण त्याच माणसाने सिंधू लिहिली. त्या खणात बसून मात्र त्याने ठकीच्या खोलीचं दार उघडलं नाही.

जयवंत दळवींचं प्रकरण याच्या उलट. गोव्यात हडफड्याला १९२५ मध्ये जन्म, वाढ वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीची, वेतोबाच्या गावची. नोकरी मुंबईत, अमेरिकन माहिती कार्यालयात. 'चक्र' १९६३ ची. झोपडपट्टीतली, आणि त्या वेळच्या मध्यमवर्गीय वाचकाला पुस्तक मिटून ठेवावंसं वाटेल अशी. लगोलग 'सारे प्रवासी घडीचे', कोकणातल्या गावाची, वाचताना हसून हसून पुरेवाट व्हावी अशी. आणि 'ललित' मासिकात ठणठणपाळ हे टोपणनाव. 'घटका गेली, पळे गेली' हे सदर, वसंत सरवट्यांनी काढलेला तो हातोडावाला, आणि मराठी साहित्यिकांची सालं काढणं. पहिल्याच पावलाला काळोख आणि विनोद दोन्ही, त्यामुळे पुढे वळायचा प्रश्नच आला नाही. टोपणनावाचाही त्यांनी वेगळा उपयोग केला. ट्वेनने काळोखावरून नाव काढून घेतलं होतं, दळवींनी 'ललित'मधल्या विनोदावरून काढलं. काळोखावर मात्र आपलं खरं नाव राहू दिलं. हे ठरवून केलं की आपसूक झालं, मला ठाऊक नाही. शहाणपणाचं ठरलं एवढं खरं.

पण दळवी मोठे ठरतात ते या नावांच्या व्यवहारामुळे नव्हे. ठणठणपाळाचा जो डोळा होता, म्हणजे माणूस मोठं बोलताना खाली बोटांनी काय चाळा करतोय ते टिपणारा, तो त्यांनी 'बॅरिस्टर'मध्ये, 'संध्याछाया'मध्ये, 'पुरुष'मध्ये सोबत नेला. 'संध्याछाया'तले नाना-नानी आठवा. मुलगे दूर, घर रिकामं, आणि दोघांची दिवसभराची ती एकमेकांना टोचत, चिडवत चाललेली बडबड. प्रेक्षागृहात हशे येतात, खरेखुरे. शेवटी ते दोघं एकत्र मरायचं ठरवतात, तेही त्याच बडबडीच्या सुरात. मी ते पाहिलं तेव्हा माझ्या पुढच्या खुर्चीवरच्या बाई हसता हसता थांबल्या आणि पर्समधून रुमाल शोधू लागल्या. रुमाल सापडेना. पर्सची चेन बराच वेळ मागेपुढे होत राहिली. आणि नाव बघा, 'सारे प्रवासी घडीचे'. तिरडीमागून चालताना म्हणावं असं नाव एका हसवणाऱ्या कादंबरीला. ते वाचून कुणी दचकलं नाही, कारण आत विनोद आहे हे सगळ्यांना आधी कळलं होतं.

आता दुसरी बाजू. विनोदाचा वेगळा पुरस्कार काढून टाकला तर विनोदी पुस्तकाला काहीच मिळणार नाही, असं विनोद लिहिणारे माझे एक स्नेही कळवळून सांगतात. कादंबरीच्या रांगेत उभं केलं की परीक्षक 'हलकंफुलकं' म्हणून बाजूला सारतील. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. परीक्षक तसे असतात, मी पाहिलेत. पण साहित्य अकादमीचा पुरस्कार दरवर्षी मराठीतल्या एका पुस्तकाला मिळतो. तिथे कादंबरी, कविता, विनोद असे खण नाहीत. १९६५ मध्ये तो 'व्यक्ती आणि वल्ली'ला मिळाला. कपाटाबाहेर ठेवल्यावर त्या पुस्तकाचं काही बिघडलं नाही. राज्याचे पुरस्कार बदलायला अवघड जात असेल तर निदान एवढं व्हावं, की विनोदी कादंबरी आधी कादंबरी म्हणून वाचली जावी, आणि कोल्हटकरांच्या नावाचा मान तिला वर मिळाला तर मिळो. एका पुस्तकाने दोन पंगतींत बसू नये असा काही सोवळ्याचा नियम आहे का?

स्नेह्यांना एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. काळोखाकडे जाताना पुष्कळ विनोदी लेखक खरोखरच आपटतात, आणि त्यात वाचकाचा दोष नसतो. विनोद लिहिणाऱ्याला दर वाक्याची पावती लागते. हशा ही पावती आहे, लगेच हातात पडणारी. दुःखाला आवाज नाही. समोरचा गप्प बसलाय तो हेलावलाय की कंटाळलाय हे कळत नाही. अशा वेळी विनोदी लेखक घाबरतो. मग एक तर घाईने एखादी कोटी घालतो, नाहीतर पावती म्हणून डोळ्यांतून पाणी काढायला बसतो. आईचा मृत्यू, मग पाऊस, मग रिकामा झोपाळा. ही पावतीची सवय हे त्याचं खरं दुखणं आहे, आणि ते सभागृहांनी, साहित्य संमेलनांतल्या हास्यदरबारांनी, दिवाळी अंकांच्या 'एक खुसखुशीत लेख द्या' या फोननी लावलेलं आहे. फोन करणारा संपादक कधी 'एक विषण्ण लेख द्या' म्हणत नाही. लेखक तेवढं लिहून देतो आणि पुढच्या वर्षी परत तोच फोन.

मागच्या आठवड्यात 'संध्याछाया' पुन्हा वाचायची म्हणून वाचनालयात गेलो. विनोदी पुस्तकांचं कपाट दाराशीच, काचेचं. त्यात चिमणराव, बाळकराम, पु. ल. आणि कुणीतरी मधेच खोचलेलं 'सारे प्रवासी घडीचे'. 'चक्र' तीन कपाटं सोडून कादंबऱ्यांत. नाटकं वरच्या माळ्यावर, शिडी लावून काढावी लागतात. काउंटरवरच्या ताईंनी शिडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, आत्ताच काढायला पाहिजे का? काय आहे, विनोदी आहे का?"

"सुरुवातीला," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा वर केला, शिडी ओढली आणि चढताना खाली न बघता विचारलं, "आणि नंतर?"